दानाला व्यवस्थेची जोड : ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्तसभा आणि सेवाकार्य

रविवारच्या पवित्र मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी कलेक्शनची थैली आपल्यापर्यंत येते. हाताला लागेल ती नोट आपण तीत टाकतो आणि थैली पुढच्या रांगेकडे सरकते. त्या नोटेचा पुढचा प्रवास कसा होतो, तिचा किती भाग गरजवंतापर्यंत पोहोचतो, तो कोण पोहोचवतो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, हे प्रश्न पुष्कळ श्रद्धावंतांच्या मनात असतात; विचारले मात्र क्वचितच जातात. स्थानिक ख्रिस्तसभा सेवाकार्याला आधार कसा देते, त्यामागे धर्मशिकवण व नियम कोणते आहेत आणि आपल्या ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात या कामाला आज कशाची उणीव भासते, याची माहिती वाचकांना एके ठिकाणी मिळावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

सेवा हा ख्रिस्तसभेचा स्वभावधर्म

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात एक तक्रार नोंदविलेली आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपामध्ये ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी ती तक्रार क्षुल्लक मानली नाही. त्यांनी सर्व मंडळीला एकत्र बोलावले आणि स्तेफनासह सात विश्वासू पुरुषांची या कामासाठी निवड करवून घेतली. ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या कारभारविषयक निर्णयांपैकी हा एक निर्णय गरिबांच्या ताटाविषयी होता, ही गोष्ट विसरता येणार नाही. त्या मंडळीत दानाची कमतरता नव्हती. वाटपाची व्यवस्था कमी पडत होती आणि तीच दुरुस्त करण्यात आली.

संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी निधी गोळा केला, तेव्हाही त्याने शिस्त घालून दिली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांना कळविले. जमलेली रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात प्रभुभोजनाच्या वर्णनाला लागूनच अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी जमविलेल्या निधीचा उल्लेख येतो. वेदी आणि गरिबाचे घर यांमधले अंतर त्या काळी इतके थोडे होते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील चर्च ज्या संत लॉरेन्सला वाहिलेले आहे, तो रोमच्या ख्रिस्तसभेचा उपयाजक होता. गरिबांचा निधी त्याच्या हाती असे. इसवी सन २५८ मध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी ख्रिस्तसभेची संपत्ती हजर करण्यास सांगितले, तेव्हा त्याने शहरातील गोरगरीब त्यांच्यासमोर उभे केले, अशी परंपरा आहे.

आधुनिक काळात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २५ डिसेंबर २००५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘देउस कारितास एस्त’ या विश्वपत्रात हीच गोष्ट स्पष्ट केली. देवाच्या शब्दाची घोषणा, संस्कारांचे अर्पण आणि प्रीतीची सेवा ही ख्रिस्तसभेची तीन कर्तव्ये एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, असे त्याचे सार आहे. २०१२ साली त्यांनी सेवाकार्याच्या कारभारासाठी स्वतंत्र नियमही घालून दिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून सामान्य काळातील तेहतिसावा रविवार ‘गरिबांचा जागतिक दिन’ म्हणून पाळण्याची प्रथा सुरू केली. पोप चौदावे लिओ यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘दिलेक्सी ते’ हे पत्रही गरिबांवरील प्रीतीविषयीच आहे. सेवाकार्य हा वेळ उरल्यास करावयाचा उपक्रम नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या मातीतील वारसा

आपल्या परिसरातील ख्रिस्ती पाहुणचाराची नोंद सातशे वर्षांहून जुनी आहे. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात आले, त्या वेळी येथे नेस्तोरियन ख्रिश्चनांची सुमारे पंधरा घरे होती, असे ओदोरिक या प्रवासी धर्मगुरूने लिहिले आहे. परक्या देशाच्या, परक्या भाषेच्या आणि परक्या पंथाच्या त्या पाहुण्यांना अशाच एका घराने आसरा दिला होता. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्या चौघांना ठाण्यात रक्तसाक्षित्व पत्करावे लागले.

१५३४ च्या तहानंतर वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्याबरोबर ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दयेची बंधुसंस्था येथे आली. १४९८ साली पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयाखाली लिस्बनमध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रापंचिकांच्या हाती होती. सात शारीरिक आणि सात आत्मिक अशी दयेची चौदा कामे हा तिच्या कार्याचा आराखडा होता. तिचे पदाधिकारी दरवर्षी निवडले जात. त्या काळच्या समाजातील भेदभावातून ती मुक्त नव्हती आणि तिच्या मदतीचा मोठा वाटा पोर्तुगीज कुटुंबांकडे जाई, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर ती व्यवस्था लयास गेली. मात्र आजाऱ्याची विचारपूस, मयतीला खांदा आणि अनाथ पोराला घरात घेणे ही कामे गावकीच्या पातळीवर आपल्या पूर्वजांनी चालू ठेवली. संस्था मोडली तरी शेजारधर्म टिकला.

दोन धर्मप्रांत, एक परिसर

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील लॅटिन विधीचे श्रद्धावंत मुंबई महाधर्मप्रांतात येतात. याच परिसरात सिरो-मलबार विधीच्या श्रद्धावंतांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे कॅथेड्रल कल्याण पश्चिमेस असून ते संत थॉमसला वाहिलेले आहे. उत्तरेकडील वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. लॅटिन विधीस १९८३ ची, तर पौर्वात्य विधींस १९९० ची धर्मविधिसंहिता लागू आहे. गरिबांना आपल्या मिळकतीतून साहाय्य करण्याचे कर्तव्य दोन्ही संहितांनी श्रद्धावंतांवर सोपविले आहे.

एका इमारतीत पहिल्या मजल्यावर लॅटिन विधीचे कुटुंब आणि तिसऱ्यावर सिरो-मलबार विधीचे कुटुंब राहत असते. मागच्या चाळीतील आजारी माणूस मात्र दोघांचाही शेजारी असतो. म्हणून या परिसरात सेवाकार्याची आखणी करताना दोन्ही विधींच्या धर्मग्रामांनी एकमेकांशी बोलणे ही पहिली गरज आहे.

आधाराच्या चार पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे लघु ख्रिस्ती समूह. मुंबई महाधर्मप्रांतात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून हे समूह रुजले. वीस-पंचवीस शेजारी कुटुंबांचा समूह एकत्र येऊन शुभवर्तमान वाचतो. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी वृद्ध एकटे आहेत, कोणाचे मूल शाळेत जाईनासे झाले आहे, हे प्रथम याच पातळीवर कळते. गरज शोधण्याचे काम समूहाइतके चांगले कोणतेही कार्यालय करू शकत नाही.

दुसरी पायरी धर्मग्रामाची. संहितेच्या ५२९ व्या कलमानुसार गरीब, दुःखी, एकाकी आणि परागंदा झालेल्यांची विशेष काळजीने विचारपूस करणे हे प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य आहे. संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेची शाखा, महिला मंडळ, युवक मंडळ आणि आजाऱ्यांना प्रभुभोजन नेणारे सेवक ही त्या कर्तव्यातील त्याची भावंडे होत.

तिसरी पायरी धर्मप्रांताची. मुंबई महाधर्मप्रांताचे ‘सेंटर फॉर सोशल ॲक्शन’ हे समाजकार्याचे अधिकृत अंग आहे. धर्मग्रामाच्या आवाक्याबाहेरची कामे, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आणि सरकारी योजनांशी जोडणी हे काम या पातळीवर अधिक चांगले होते.

चौथी पायरी देशपातळीची. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने १९६२ साली ‘कारितास इंडिया’ या संस्थेची स्थापना केली. प्रायश्चित्तकाळात भूक आणि रोगराई यांविरुद्ध जी मोहीम चर्चमधून राबविली जाते, ती या संस्थेची. आपण राखेच्या बुधवारपासून जे थोडेथोडे बाजूला टाकतो, ते या वाटेने देशभर पोहोचते.

या चारही पायऱ्यांना छेद देत व्रतस्थ भगिनींचे आणि बंधूंचे काम चालते. कल्याणचे होली क्रॉस रुग्णालय परिसरातील सर्वधर्मीयांच्या परिचयाचे आहे. आपल्या शाळाही याच परंपरेतून उभ्या राहिल्या. हे काम भगिनींचे आहे, आपले नाही, अशी एक सोयीची समजूत आपल्यात रूढ झाली आहे. भगिनींची संख्या आणि वय पाहता ती समजूत फार काळ परवडणारी नाही.

शॅतियाँचा धडा

१६१७ सालची गोष्ट आहे. फ्रान्समधील शॅतियाँ या लहान गावी व्हिन्सेंट द पॉल हे प्रमुख धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सापूर्वी त्यांना निरोप आला, की गावाबाहेरच्या एका घरातील सर्वच माणसे आजारी असून त्यांच्याकडे पाहणारे कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ही हकिगत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेवर माणसांची रीघ लागलेली त्यांना दिसली. सगळे गाव अन्न घेऊन निघाले होते. व्हिन्सेंट यांना आनंद झाला आणि काळजीही वाटली. एवढे अन्न ते कुटुंब एका दिवसात संपवू शकणार नव्हते. उरलेले नासून जाणार होते आणि चार दिवसांनी तेच घर पुन्हा उपाशी राहणार होते. त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र आणून पाळ्या ठरवून दिल्या. कोणत्या दिवशी कोणी स्वयंपाक न्यावयाचा, हिशेब कोणी ठेवावयाचा, हे लिहून काढले. सेवेच्या पहिल्या बंधुसंस्थेचा जन्म असा झाला.

मी तरुण धर्मगुरू असताना ठाणे परिसरातील एका धर्मग्रामात हा धडा मला फार उशिरा उमगला. नाताळच्या आठवड्यात आम्ही मोठ्या उत्साहाने वाटप केले. धर्मग्रामातील प्रत्येक मंडळाने आपापली यादी केली होती. तेथील एका वृद्ध, एकाकी बाईंकडे मी नाताळानंतर प्रभुभोजन घेऊन गेलो, तेव्हा कॉटवर पाच ब्लँकेटे घडी करून ठेवलेली दिसली. बाई हसून म्हणाल्या, “फादर, थंडी एवढी नाही हो.” मीही हसलो. पुढे जून महिन्यात त्यांची वीज तोडली गेली. तीन महिन्यांचे बिल थकले होते. पाच मंडळांपैकी एकाच्याही यादीत ते बिल नव्हते, माझ्याही नव्हते. त्या पाच दिवस अंधारात बसून होत्या आणि कोणाला सांगण्याचा त्यांना संकोच वाटला. ब्लँकेटांचा हिशेब आम्ही वार्षिक अहवालात छापला होता.

दातृत्व आपल्या माणसांत मुबलक आहे. त्याला वर्षभराची शिस्त मिळत नाही, हेच आपल्या सेवाकार्याचे खरे दुखणे आहे.

व्हिन्सेन्शियन पद्धत : सेवेची कार्यशाळा

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या मित्रांसह धर्माची बाजू मांडत असे. तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असा प्रश्न त्याला विचारला गेला. त्याने उत्तरादाखल भाषण केले नाही. भगिनी रोझाली रेंद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली हे तरुण वस्तीतील घरांना भेटी देऊ लागले. संत व्हिन्सेंटचे नाव घेऊन सुरू झालेली ही संस्था एकोणिसाव्या शतकातच भारतात आली. ओझानाम यांना १९९७ साली ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

संस्थेच्या शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. तिची कार्यपद्धती साधी असून प्रत्येक धर्मग्रामाने समजून घ्यावी अशी आहे. सभासद नियमितपणे भेटतात, प्रार्थना करतात आणि दत्तक घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीवर चर्चा करतात. भेटीला नेहमी दोघे मिळून जातात. यामुळे भेट देणारा आणि घेणारा या दोघांचेही संरक्षण होते. शिवाय एकाचे डोळे चुकले तर दुसऱ्याचे पाहतात. प्रत्येक सभेत गुप्त थैली फिरविली जाते. कोणी किती टाकले हे कोणालाही कळत नाही आणि ज्याच्याजवळ त्या आठवड्यात काहीच नाही, त्याचीही लाज राखली जाते. कुटुंबाचे नाव सभेबाहेर जात नाही. सधन कॉन्फरन्स गरीब भागातील कॉन्फरन्सशी जोडली जाते आणि तिला नियमित साहाय्य पाठविते.

या पद्धतीचे मर्म वस्तू देण्यात नाही. व्हिन्सेन्शियन घरी जातो, बसतो, ऐकतो आणि पुन्हा जातो. पुन्हा जाण्याने विश्वास निर्माण होतो. थकलेल्या बिलाची गोष्ट पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही, ती चौथ्या भेटीत बाहेर येते.

पैशाचा मार्ग आणि हिशेबाचे नियम

ख्रिस्तसभेने ऐहिक संपत्ती कशासाठी बाळगावी, हे संहितेच्या १२५४ व्या कलमात सांगितले आहे : उपासना, धर्मसेवकांचा उचित निर्वाह, आणि प्रेषितकार्य व सेवाकार्य, विशेषतः गरजवंतांसाठी. २२२ वे कलम श्रद्धावंतांना दोन गोष्टींची आठवण देते. ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्यास हातभार लावणे ही पहिली. सामाजिक न्यायासाठी झटणे आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करणे ही दुसरी. चर्चला वर्गणी दिली म्हणजे दुसऱ्या कर्तव्यातून सुटका होते, असे नाही.

प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी, असा ५३७ व्या कलमाचा दंडक आहे. एखाद्या विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरले पाहिजे, असे १२६७ वे कलम सांगते. म्हणजे पूरग्रस्तांसाठी जमलेल्या पैशातून चर्चचे छप्पर दुरुस्त करता येत नाही, छप्पर कितीही गळत असले तरी. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना दिला जावा, असे १२८७ वे कलम स्पष्टपणे म्हणते. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, तो हक्क आहे. नागरी कायद्याच्या बाजूने नोंदणीकृत न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो आणि हिशेबाची तपासणी करून तो धर्मादाय कार्यालयास सादर करावा लागतो.

आणखी एका बदलाची जाणीव सर्वांना असावयास हवी. एकेकाळी आपली पुष्कळ सेवाकार्ये परदेशी मदतीवर चालत. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला नवी दिल्ली येथील स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेत खाते उघडणे बंधनकारक झाले. एका संस्थेने मिळविलेला असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या मार्फत लहान केंद्रांपर्यंत येणारा ओघ त्यामुळे थांबला. ज्या केंद्राचा खर्च मुख्यतः कार्यालयीन कारभारावर होतो, त्याची अधिकच कुचंबणा झाली.

यावर तक्रार करीत बसण्यापेक्षा त्यातील अर्थ जाणून घेणे बरे. आपल्या शेजारच्या गरिबाची जबाबदारी जर्मनीतील किंवा इटलीतील श्रद्धावंताने का उचलावी? ठाण्यातील एखाद्या गृहसंकुलात एका वाढदिवसावर होणाऱ्या खर्चात एका मुलीचे वर्षाचे शिक्षण होऊ शकते. यापुढे आपली सेवाकेंद्रे आपल्या थैलीवर जगतील किंवा बंद पडतील. निर्णय आपल्या हाती आहे.

आपल्या परिसरातील गरजा

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. या गर्दीत गरजेचे चेहरे वेगवेगळे आहेत.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजकालीन किल्ल्यात आहे आणि कल्याणला आधारवाडी कारागृह आहे. बंद्यांच्या भेटीसाठी देशभर ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ या नावाने स्वयंसेवकांचे जाळे काम करते. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता न आल्याने आत राहिलेला कच्चा कैदी आणि त्याच्या घरी लोकांच्या नजरा चुकवीत जगणारी त्याची पत्नी, या दोघांनाही भेटीची गरज असते. ठाण्यातील मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. बरे झाल्यावरही ज्यांना न्यावयास घरचे येत नाहीत अशा रुग्णांचे दुःख हे आपल्या समाजातील एक मुके दुःख होय.

कल्याण, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर यांतील अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. डोंबिवलीत याच्या अगदी उलट चित्र दिसते. मुले परदेशी किंवा बंगळूरला, आणि दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आईवडील एकटे. त्यांना धान्याची गरज नसते. बँकेत किंवा दवाखान्यात सोबत हवी असते.

संकटकाळात आपली माणसे धावून येतात, याचा अनुभव वारंवार आला आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गावरून हजारो मजूर ठाणे, शहापूर, कसारा या वाटेने पायी निघाले. अशा वेळी कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. प्रश्न पाणी ओसरल्यानंतरच्या सहा महिन्यांचा असतो.

वर्षाचे वेळापत्रक

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने सेवेचे वार्षिक वेळापत्रक करावे, असे सुचवावेसे वाटते. मे-जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि छपराची डागडुजी. जुलै ते सप्टेंबर हिवताप, लेप्टोसारखे पावसाळी आजार आणि बुडालेला रोजगार. दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची मागे राहण्याची सोय. नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन. डिसेंबरात सर्व मंडळांची मिळून एकच यादी. प्रायश्चित्तकाळात पुढील वर्षाच्या निधीची उभारणी. एवढे कागदावर उतरले तरी पाच ब्लँकेटांची चूक टळते.

पैशाइतकेच महत्त्व माहितीला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. निराधारांसाठी संजय गांधी योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. कित्येक गरजू कुटुंबे केवळ रेशनकार्डावरील नावातील चूक किंवा उत्पन्नाचा दाखला नसल्याने यांपासून वंचित राहतात. तहसील कार्यालयात त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारणारा निवृत्त कारकून हा धर्मग्रामाचा मोठा दाता होय. त्याने एक रुपयाही दिला नसला तरी त्याच्यामुळे त्या घरात दरमहा मदत सुरू होते.

पाळावयाची पथ्ये

सेवेच्या बदल्यात कोणाकडूनही धर्माविषयी काही अपेक्षा ठेवता कामा नये. विश्वास ही विवेकाच्या स्वातंत्र्याने दिलेली गोष्ट आहे, ही दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेची स्पष्ट शिकवण आहे. पोप बेनेडिक्ट यांनीही प्रीती हे साधन म्हणून वापरू नये, असेच बजावले आहे. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करणे टाळावे. आपल्या मुलाच्या शाळेतील मित्रांनी तो फोटो पाहावा, असे कोणत्या आईला वाटेल? मुलांशी संबंधित कोणत्याही कामात एकट्याने जाऊ नये आणि बालसंरक्षणाचे नियम काटेकोरपणे पाळावेत. कायम मदत घेत राहावी लागणार नाही, अशा दिशेने प्रत्येक कुटुंबाबरोबर पावले टाकावीत. मात्र काही माणसे म्हातारी, अपंग किंवा असाध्य आजारी असतात. त्यांना स्वावलंबनाचा उपदेश न करता शेवटपर्यंत सांभाळावे.

समारोप

ख्रिस्तसभेची सेवा मोठ्या इमारतींमुळे ओळखली गेली आहे आणि त्या इमारतींचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तथापि स्थानिक ख्रिस्तसभेचा आधार मोजावयाचा झाल्यास तो एका साध्या प्रश्नाने मोजावा : आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत आज रात्री कोणाच्या घरी दिवा नाही, हे आपल्यापैकी कोणाला तरी ठाऊक आहे काय?

त्या वृद्ध बाईंचे बिल शेवटी एका तरुणाने भरले. तो कोणत्याही मंडळाचा सभासद नव्हता. शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होता आणि मीटर बंद असल्याचे त्याच्या लक्षात आले होते. पुढे आम्ही धर्मग्रामात सर्व मंडळांची एक वही केली आणि तीत प्रत्येक घरासमोर बारा महिन्यांचे बारा रकाने आखले. पहिल्या वर्षी निम्मे रकाने रिकामे राहिले. पण ते रिकामे आहेत, हे तरी आम्हाला दिसू लागले.

येत्या रविवारी थैली आपल्यापर्यंत आली की या वहीची आठवण ठेवावी, आणि आपल्या धर्मग्रामात अशी वही नसल्यास प्रमुख धर्मगुरूंकडे ती मागावी, एवढीच वाचकांना नम्र विनंती.